रिव्हर्स नसलेली गाडी

पुलाच्या बरोबर मध्यावर आम्ही समोरासमोर आलो आणि मी हॉर्न वाजवला.

खरं तर हॉर्न त्याने वाजवायला हवा होता. वाइतोरा नदीवरचा आमचा पूल एकपदरी आहे, एका वेळी एकच गाडी जाते. उत्तरेकडून येणाऱ्याला पाटीवर मोठा पांढरा बाण दिसतो, म्हणजे तुझा हक्क, ये. दक्षिणेकडून जाणाऱ्याला छोटा लाल बाण दिसतो, म्हणजे थांब. मी दक्षिणेकडून निघाले होते, तेव्हा चूक शंभर टक्के माझीच. पण लाल बाण पाहुण्यांसाठी असतो, अशी आमच्या बेटाच्या या किनाऱ्यावरच्या माणसांची समजूत आहे. त्यात त्या सकाळी राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर होता. समोरून रोडरोलर आला असता तरी मी त्याला मागे हो म्हटलं असतं.

रोडरोलर नव्हता. भाड्याची पांढरीशुभ्र कॅम्परव्हॅन होती. वायपर जीव तोडून पाऊस पुसत होते. खिडकीची काच खाली आली आणि एक डोकं बाहेर आलं. तांबूस केस, क्षणात चिंब.

"बाण माझा आहे," डोकं म्हणालं.

"मग घरी घेऊन जा."

तो थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या पापण्यांवरून पाणी गळत होतं… आणि त्या पाण्यामागे तो हसत होता. मला ते मुळीच आवडलं नाही. म्हणजे तेव्हा तरी मी स्वतःला तसंच सांगितलं.

"हे बघ," तो म्हणाला, "तुझ्यामागे अर्धा पूल, माझ्यामागे अर्धा पूल. अंतर सारखंच. पण पाटी माझ्या बाजूने आहे. तू मागे घे."

"मी मागे जात नाही."

"कधीच?"

"कधीच."

ऐकायला किती बाणेदार वाटतं नाही? खरी गोष्ट एवढीच होती की माझ्या गाडीला रिव्हर्स गिअर लागत नव्हता. पण हे अनोळखी माणसाला कोण सांगतो?

त्याने मान हलवली, डोकं आत घेतलं आणि गाडी मागे न्यायला लागला. इतकं वाईट रिव्हर्स मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. आरसा एकदा डाव्या कठड्याला घासला, एकदा उजव्या. पूल संपला तेव्हा तो इतका खूश झाला की गाडी थांबवायचंच विसरला, आणि मागचं चाक रस्त्याकडेच्या चरात गेलं.

मी शेजारून पुढे गेले. जाताना स्टिअरिंगवरचं एक बोट उचललं. आमच्याकडे आभार असेच मानतात, तर्जनी वर, बास. पाहुणे अख्खा हात हलवतात, लग्नाला आल्यासारखा. याने मात्र चरात कललेल्या गाडीतून, स्टिअरिंगवरून, एकच बोट उचललं.

मी ब्रेक दाबला.

चरात घातलेल्या माणसाला चरात सोडून जायचं नसतं. मग भले घालणारे आपणच असू. मी दोर काढला, त्याच्या गाडीला बांधला आणि तिला रस्त्यावर ओढून घेतलं. दोर सोडत होते तेवढ्यात पुढच्या वळणापलीकडे डोंगर घसरल्याचा आवाज आला. आधी दगड, मग झाडं, मग बराच वेळ चिखल. आम्ही पळत वळणापर्यंत गेलो. रस्ता नव्हता.

"मी आत्ता तिथून आलो," तो हळूच म्हणाला.

दुपारपर्यंत नदी चढली आणि पुलाच्या दोन्ही टोकांना पाणी आलं. पुढे दरड, मागे पूर. मध्ये उरला रस्त्याचा एक तुकडा, आंटी हुइयाचं घर आणि तिचं शेत. शेताच्या बरोबर समोर, नदीच्या पलीकडे, आमचा कॅम्प. डॅडचा कॅम्प. त्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आंटीच्या शेतातली मेंढीन् मेंढी दिसते.

मी घर सोडून जग बघायला निघाले होते. आणि पोचले कुठे, तर घराच्या खिडकीतून दिसेन एवढ्यावर. हसायचं असेल तर हसा. सगळेच हसले.

*

मी ब्रायर. शाळा सुटल्यापासून डॅडबरोबर कॅम्प चालवते. जगभरची माणसं पाठीवर बॅगा टाकून, व्हॅनमध्ये गाद्या टाकून आमच्याकडे येतात, एक-दोन दिवस भिजतात आणि पुढे जातात. मी त्यांची न्हाणीघरं धुते. जग कसं असतं, हे मला त्यांच्या उष्ट्या ताटांवरून माहीत. गेल्या काही वर्षांत मी पावाची एक जुनी गाडी घेऊन तिच्यात पलंग ठोकला, चूल बसवली, पडदे शिवले. तिच्या अंगावर पुसट अक्षरांत अजून 'रोज ताजा' असं लिहिलेलं आहे. ते मी तसंच ठेवलं.

त्या सकाळी मी डॅडला म्हटलं, "निघते."

"किती दिवस?"

"माहीत नाही. सगळं बघून होईपर्यंत."

डॅड कपाकडे बघत म्हणाला, "जायचं तर जा. त्या डब्याला रिव्हर्स नाही, एवढं लक्षात ठेव. गेलीस की परत येता यायचं नाही."

आई मी शाळेत असताना पंधरा दिवसांसाठी समुद्रापलीकडे पर्थला गेली होती. अजून यायचीय. तेव्हापासून डॅडचा जाणाऱ्या माणसावर विश्वास नाही. मला हे कळतं. पण कळतं म्हणून किती वर्षं गप्प बसायचं? मी कप आपटला आणि गाडी काढली. तुमच्यापासून काय लपवायचं, हट्टाच्या बाबतीत मी डॅडच्याच वळणावर गेलेय. आमच्या डॅडने त्या पुलावर आजवर कुणासाठी गाडी मागे घेतलेली नाही. एकदा दुधाचा टँकर समोर आला होता. टँकर मागे गेला.

*

"तुझ्या शेजारी गाडी लावू का?" त्या तांबड्या केसांच्या मुलाने विचारलं. आंटीच्या शेतात कोरडी म्हणावी अशी एकच जागा होती, फ्लॅक्सच्या झुडपांच्या आडोशाला. तिथे मी होते.

"हो, नाही," मी म्हटलं.

त्याने लावली. अगदी खेटून. मी जाऊन त्याच्या काचेवर टकटक केली.

"मी नाही म्हटलं होतं."

"तू हो म्हणालीस."

"हो, नाही म्हणजे नाही. नाही, हो म्हणजे हो. शेवटचा शब्द खरा. एवढं साधं कळत नाही?"

"मग पहिला शब्द कशाला असतो?"

"समोरच्याला बरं वाटावं म्हणून."

तो विचारात पडला. "आमच्याकडे डोनेगलला लोक 'बघू या' म्हणतात. आणि मरेपर्यंत बघत राहतात. तुमचं बरं आहे, दोन शब्दांत निकाल." मग त्याने खिडकीतून हात पुढे केला. "फिंटन. गाडी हलवू का मी?"

पाऊस कोसळत होता. त्याचा हात ऊबदार होता. "आता राहू दे," मी म्हटलं. "चिखलात पुन्हा रुतशील, मग मलाच ओढावं लागेल."

संध्याकाळी आंटी हुइया गमबूट आपटत आली. आंटी माझी कुणी नाही आणि सगळी आहे, लहानपणी मला पोहायला तिनेच शिकवलं. ताटलीत पावाच्या तुकड्यांत गुंडाळलेली व्हाइटबेटची गरम धिरडी होती. नदीच्या मुखाशी ऋतूत मिळणारे ते सुतासारखे मासे, अंड्यात कालवून तव्यावर टाकलेले.

"आलीस का जगप्रदक्षिणा करून?" ती म्हणाली.

मी धिरडं खाल्लं. दुसरं काय करणार?

"तुझ्या बापाचा फोन होता. विचारत होता, तो पोरगा कोण."

"तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, आयरिश आहे, भिजलेला आहे आणि चहा बरा करतो." ती फिंटनकडे वळली. "आणि तू ऐक. व्हॅनमधली टॉयलेटची टाकी माझ्या शेतात ओतायची नाही. ती ओतायची जागा पलीकडे, हिच्या बापाच्या कॅम्पात. पूल उघडेपर्यंत जपून वापर."

फिंटन कानांपर्यंत लाल झाला. मला तो पहिल्यांदा आवडला तो तेव्हा.

*

पाऊस थांबेना. आम्ही दोन गाड्यांच्या मध्ये ताडपत्री बांधली आणि खाली दोन खुर्च्या टाकल्या. घरी फिंटन होड्या दुरुस्त करायचा. वर्षभरासाठी इकडे आला होता, त्यातला बराच काळ अजून बाकी होता. व्हॅन दक्षिणेला क्वीन्सटाउनला परत करायची आणि मग तिथल्या बागांमध्ये चेरी तोडायला जायचं, एवढाच त्याचा बेत. माझी गळकी खिडकी बघून त्याला राहवेना. त्याने कुठून तरी चिकट काळा मसाला काढला आणि फटीत बोटाने भरायला लागला.

"हा पाऊस काहीच नाही," तो काम करता करता म्हणाला. "आमच्याकडे आडवा पडतो."

"आमच्याकडे खालून वर येतो."

"आमच्याकडे आत येऊन चहा मागतो."

"आमच्याकडे चहा करतो… आणि तुझ्यापेक्षा बरा करतो."

त्याने काळं बोट माझ्या नाकाच्या शेंड्याला लावलं. मी त्याच्या गालाला लावलं. मग लक्षात आलं, नाक आणि गाल फार जवळ होते. तेवढ्यात झुडपातून वेका आली. ती कोंबडीएवढी, उडता न येणारी, पण पक्की चोर. त्याने पिळायला काढलेला एक मोजा चोचीत धरून ती पळाली. तो एका पायात मोजा, एक पाय अनवाणी, तसाच शेतभर तिच्यामागे धावला. मी पोट धरून हसले. पलीकडे आमच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती आणि तिच्यात कुणीतरी उभं होतं. मला दिसलं. मी आणखी मोठ्याने हसले.

दुसऱ्या दिवशी मी त्याला रिव्हर्स शिकवायला घेतलं. पुलावर त्याने जे केलं होतं ते बघून मला झोप लागली नव्हती.

"आरशात बघ."

"बघतोय."

"आरशात बघ, फिंटन. माझ्याकडे नको."

"तू आरशात दिसतेयस. मी काय करू?"

मी गाडीच्या मागे उभी होते, गमबुटात, डॅडच्या जुन्या रेनकोटात, केसांचं शेवाळ झालेलं. असं कुणी बघतं का कुणाकडे? तो बघत होता. गाडी मात्र सरळ मागे आली आणि माझ्या गुडघ्यांच्या थोडं अलीकडे थांबली. तो उतरला.

"आता एक विचारू? तुझ्या गाडीला रिव्हर्सच नाही ना?"

"कुणी सांगितलं?"

"काल तू ती ढकलत झुडपाबाहेर काढलीस. मी पडद्याआडून बघत होतो." त्याचा आवाज हसू दाबून दाबून कापत होता. "मी मागे जात नाही, म्हणे. कधीच, म्हणे. आणि मला वाटलं, काय बाई आहे…"

"मग आता काय वाटतं?"

"तेच," तो म्हणाला. हसू थांबलं होतं. "तेच वाटतं."

नंतर ताडपत्रीखाली तो म्हणाला, एकट्याने फिरायचा आता कंटाळा आलाय. काही सुंदर दिसलं की सवयीने शेजारच्या सीटकडे कोपर मारतो आणि तिथे फक्त नकाशा असतो. मी डॅडच्या खिडकीकडे पाठ करून बसले आणि फिंटनचा हात हातात घेतला.

*

मग पाऊस थांबला. सँडफ्लाय आल्या, आम्ही घोटे खाजवायला लागलो आणि नदी उतरली. संध्याकाळी आंटीने बातमी आणली. उद्या पूल उघडतोय. दरड काढायला मात्र कित्येक आठवडे लागतील. म्हणजे रस्ता एकच उरला, दक्षिणेचा. पुलावरून, डॅडच्या खिडकीसमोरून.

"माझ्याबरोबर चल," फिंटन म्हणाला. "माझ्या व्हॅनमध्ये. तिला हीटर आहे, रिव्हर्स आहे. तुझी इथे आंटीच्या शेडमध्ये ठेव."

माझी पावाची गाडी. तिचा एकेक खिळा मी ठोकला होता. "हो… नाही," मी म्हटलं.

त्याला आता भाषा येत होती. त्याने मान डोलावली. मग विचारलं, अगदी हळू, "बरं. मग तुझ्या गाडीत माझ्यासाठी जागा आहे का?"

आणि मला सगळं एकदम दिसलं. डॅडची खिडकी. त्या खिडकीसमोरून जाणारी मी, शेजारी चार दिवसांच्या ओळखीचा मुलगा. 'आईच्याच वळणावर गेली' म्हणणारं सगळं गाव.

"नाही…" मी म्हटलं.

पुढचा शब्द येत होता. खरंच येत होता, घशापर्यंत आला होता. पण त्याने तो ऐकायला थांबायला हवं होतं ना… तो "कळलं" म्हणाला आणि आपल्या व्हॅनमध्ये गेला. मी हाक मारायला हवी होती. मारली नाही. मी मागे जात नाही ना.

सकाळी त्याची पांढरी व्हॅन शेतातून निघाली आणि पूल ओलांडून गेली. एकदाही कठड्याला घासली नाही. शिकवणारी चांगली होती.

आंटी जाळं खांद्यावर टाकून माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

"काय म्हणालीस त्याला?"

"नाही…"

"आणि पुढे?"

"पुढचं त्याने ऐकलं नाही."

"तू म्हणालीस का?"

मी गमबुटाने चिखल उकरत राहिले.

"मग जा आणि म्हण," आंटी म्हणाली.

"पुलावरून? डॅड म्हणेल, आली परत तोंड घेऊन. गाव म्हणेल, पोराच्या मागे पळाली."

"अगं बाई." आंटीने जाळं खाली ठेवलं. "निघालीस जग बघायला, आणि गाव काय म्हणेल याला भितेस. तेवढ्यासाठी पेट्रोल कशाला जाळायचं? इथेच बस. मासे पकडू."

मला राग आला. तिचा नाही, माझाच. मला तो हवा होता. चहा, आडवा पाऊस, काळं बोट, सगळ्यासकट हवा होता. आणि माझी गाडी हवी होती, आणि रस्ताही हवा होता. यातलं काय चुकीचं होतं?

"म्हणू दे," मी म्हटलं. "ज्याला जे म्हणायचं ते म्हणू दे. आंटी, ढकल."

आंटीने आणि मी 'रोज ताजा' ढकलून ढकलून फिरवली. पुलाच्या तोंडाशी आले तेव्हा पाटीवर मोठा पांढरा बाण होता. या वेळी तो माझा होता.

*

मध्यावर पोचले आणि समोरून डॅडची पिकअप आली.

लाल बाण धुडकावून, अर्थातच. आम्ही दोघांनी एकदम हॉर्न वाजवला. पुन्हा रिमझिम सुरू झाली होती. दोन्ही काचा खाली आल्या.

"मागे घे," डॅड सवयीने म्हणाला.

"बाण माझा आहे."

"मग घरी घेऊन जा."

माझ्या तोंडातलं वाक्य कुठून आलं होतं ते मला तेव्हा कळलं. मला हसू येत होतं आणि डोळेही भरत होते, दोन्ही एकदम.

"कुठे निघालास?" मी विचारलं.

त्याने वायपरकडे बघितलं. पुढच्या काचेपाशी थर्मास ठेवलेला होता. "तो पोरगा एकटाच अलीकडे आला. तोंड एवढंसं करून. म्हटलं, तू… तिकडे बसली असशील. चहा आणला."

"मी रडत नाहीये."

"बरं."

"आणि मी परत येत नाहीये, डॅड. पलीकडे जातेय. तुझ्या खिडकीसमोरून जाणार, हॉर्न वाजवत. कॅम्पात थोडा वेळ थांबेन, त्याला एक शब्द सांगायचा राहिलाय. तो हो म्हणाला तर त्याला घेऊन जाईन, नाही म्हणाला तर एकटी जाईन. पण जाईन." माझा आवाज चढत गेला. चढू दे म्हटलं. "आईसारखी जातेय असं म्हणायचं असेल तर आत्ताच म्हणून घे. आई पंधरा दिवसांचं सांगून गेली. मी तुझ्या पुलावरून जातेय, तुझ्या तोंडावर सांगून."

खाली नदी गढूळ, फुगलेली, घाईत. मागे आंटी जाळं टेकून तमाशा बघत होती. मी मागे जाऊ शकत नव्हते, आणि तो कधी जात नव्हता. आता काय, मला कळेना.

मग गिअर बदलल्याचा आवाज आला.

पिकअप मागे जायला लागली. हळू, एका रेषेत, आरशाकडे ढुंकूनही न बघता. अर्धा पूल. मी तिच्यामागे, म्हणजे समोर, तिच्याच वेगाने पुढे जात होते आणि काचेतून डॅडचा चेहरा मला सारखा दिसत होता. पूल संपला. त्याने पिकअप कडेला घेतली. मी शेजारून गेले तेव्हा स्टिअरिंगवरून त्याचं एक बोट वर आलं.

आता मात्र मी रडले. हॉर्न वाजवायला विसरले नाही.

*

फिंटन कॅम्पात होता. कुठे, ते ऐका. टॉयलेटच्या टाक्या ओतायच्या जागेवर, कोपरापर्यंत पिवळे हातमोजे चढवून, दोन्ही हातांत टाकी धरून. ती फरशी मी आयुष्यात किती वेळा धुतली असेल देव जाणे. तिथे कुणाला काही गोड बोलायची वेळ येईल, असं वाटलं नव्हतं.

"फिंटन."

तो वळला. टाकीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "आत्ता? इथे?"

"तू माझा शेवटचा शब्द न ऐकता गेलास."

"तू नाही म्हणालीस."

"तो पहिला होता."

तो तसाच उभा राहिला. पाऊस त्याच्या केसांतून गालावर उतरत होता. गालावर अजून काळ्या मसाल्याचा पुसट डाग होता.

"मग मी परत विचारतो," तो म्हणाला. "तुझ्या गाडीत माझ्यासाठी जागा आहे का?"

"नाही…"

या वेळी तो थांबला. हलला नाही, टाकीही खाली ठेवली नाही. मी त्याला थोडं ताटकळत ठेवलं. आदली अख्खी रात्र मी ताटकळले होते, तेव्हा एवढा हक्क माझा होता.

"…हो," मी म्हटलं. "मला तू आवडतोस. खूप. क्वीन्सटाउनला तुझी पांढरी व्हॅन देऊन टाक आणि माझ्या गाडीत ये. स्टिअरिंग माझं. तू डावीकडे. काही सुंदर दिसलं की कोपर मार, शेजारी मी असेन. आणि कधी मागे जायची वेळ आली तर खाली उतरून ढकलायचं."

"मला तू पुलावरच आवडलीस," तो म्हणाला. "मी मागे जात नाही म्हणालीस तेव्हाच. मी आधी हातमोजे काढू का?"

"काढ. आणि साबणाने हात धू. दोनदा."

त्याने दोनदा धुतले. मग त्याने माझा चेहरा ओल्या, गार हातांत घेतला आणि… पुढचं आमचं आमच्यापाशीच राहू द्या. एवढंच सांगते की कॅम्पातल्या कुणीतरी टाळ्या वाजवल्या आणि आम्ही त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

डॅड पिकअपला टेकून उभा होता. आम्ही निघालो तेव्हा त्याने थर्मास माझ्या खिडकीतून आत दिला. फिंटनची व्हॅन पुढे सुरू होऊन थांबली होती. डॅड गेला नाही. माझ्या दारावर बोटं वाजवत राहिला.

"कॅम्प सांभाळायला आंटी येईल म्हणते."

"बरं होईल."

"शेडमध्ये रिव्हर्सचा पार्ट पडलाय," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "बरेच दिवस झाले आणून. बसवला नाही. म्हटलं… रिव्हर्स नसला तर घाबरशील. जाणार नाहीस." त्याने घसा साफ केला. "दुपारपर्यंत बसवून देतो. लावून जा."

त्याचे पांढरे होत चाललेले केस भिजले होते. मला त्याला रागवायचं होतं आणि मला त्याला मिठी मारायची होती. मी खिडकीतून वाकून मिठी मारली.

"हो… नाही," मी म्हटलं.

तो इथलाच माणूस. त्याला पुन्हा विचारावं लागलं नाही.

"मग परत कशी येणार?" तो माझ्या खांद्यात पुटपुटला.

"बेट आहे, डॅड. पुढे पुढे जात राहिलं की माणूस परत इथेच येतो. दक्षिणेकडून वळसा घालून उत्तरेकडून येईन. म्हणजे मोठा बाण माझा. तेव्हा पुलावर मध्ये येऊ नकोस."

डॅड मागे सरला. डोळे पुसले की पाऊस पुसला, कुणास ठाऊक.

"तू ये तर खरी," तो म्हणाला. "मग बघू, मागे कोण घेतं ते."